मुकी बाई

कॉम्प्युटर क्लासच्या मागच्या मोरीत, नळाखाली हात धरून मी साबण लावून बांगड्या उतरवत होते. डाव्या हातातल्या सहज निघाल्या. उजव्या हातातल्या अडल्या. फरशी पुसून पुसून माझा उजवा पंजा रुंद झालाय. एक तडकली.

"फोडू नकोस गं," दारात घड्याळ बघत उभे असलेले क्लासचे मालक शेटेसर म्हणाले. "चांगल्या दिवशी अपशकुन नको."

"फुटली म्हणू नये सर. वाढली म्हणावं."

"वाढली तर वाढली. पैंजण?"

"पैंजण लग्नानंतर तीन महिन्यांत काढून ठेवले. सासूबाईंना आवाजावरून कळायचं मी कुठल्या खोलीत आहे ते."

"आणि तोंड..."

"उघडायचं नाही. कळलं."

"घसा बसलाय म्हणून सांगतो मी त्यांना. मान हलवायची, खुणा करायच्या. दीड तासाचा तर प्रश्न आहे, वैजयंता. दीड तास कुठलीही बाई गप्प बसू शकते."

शेटेसरांच्या घरी कोण गप्प बसतं ते अख्ख्या तासगावाला माहीत होतं. मी उत्तर दिलं नाही. म्हटलं, आत्तापासूनच सवय करू. बांगड्या माउसच्या रिकाम्या खोक्यात घालून खोकं टेबलाच्या खणात ठेवलं, आणि मोकळे हात पदराला पुसले.

हा सगळा खटाटोप एका बाईनं मला ओळखू नये म्हणून चालला होता. ती जन्मापासून आंधळी. तिच्या दृष्टीनं मी म्हणजे एक आवाज, थोड्या बांगड्या आणि फिनेलचा वास. नाव बेबीनंदा सुतार. वय वर्षं चव्वेचाळीस.

बारा वर्षं झाली या गोष्टीला.

त्याच्या दोन-अडीच वर्षं आधी नंदा क्लासमध्ये पहिल्यांदा आली त्या दिवशी मी दारातच फरशी पुसत होते. ती उंबऱ्यावर थांबली, नाक वर केलं आणि म्हणाली, "फिनेल कोण मारतं इथं? जास्त पडलंय."

"मी."

"मग तुम्ही मास्तरीण नव्हे."

"मास्तरीण पण मीच."

"बरं झालं. दोघींशी एकदम बोलणं होईल."

खरं तर मास्तरीण म्हणवून घ्यायला माझ्याकडं कागद नव्हता. दहावी पास, आणि क्लासमध्ये लागले ती झाडपुशीला. कॉम्प्युटर शिकले तो पुसता पुसता. कीबोर्डवर फडकं मारताना स्क्रीनवर काय उमटतं ते बघत गेले. मुलं काय विचारतात, सर काय सांगतात, आणि सर सांगतात त्यातलं काय चुकतं, तेही. लॅब सांभाळणारा मुलगा पुण्याला निघून गेला तेव्हा सरांनी किल्ल्या माझ्या हातात दिल्या. सगळे मॅडम म्हणायला लागले. हजेरीपटावर मात्र माझ्या नावापुढं 'शिपाई' तसंच राहिलं.

नंदाला बघून सर मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले, "अगं, हिला काय कॉम्प्युटर शिकवणार? या लोकांना खुर्च्या विणायचं काम चांगलं जमतं."

आंधळ्या माणसासमोर हळू आवाजात बोलून काही उपयोग नसतो, हे सरांना ठाऊक नव्हतं.

"खुर्च्या विणून झाल्या सर," नंदा म्हणाली. "आता त्यातल्या एकीवर बसायचं म्हणते."

मी तिला खिडकीजवळच्या सात नंबरवर बसवलं. प्रत्येक कॉम्प्युटरमध्ये स्क्रीनवरचं वाचून दाखवणारा एक आवाज आधीपासूनच घालून आलेला असतो. बाईचा गोड आवाज, फाडफाड इंग्रजी. तो चालू केला. नंदा कौतुकानं ऐकत होती. मग मी मराठी उतारा उघडला, आणि बाई गप्प झाली. एक शब्द नाही.

"मेली काय?"

"नाही. मराठी आलं."

"मग मुकीच की." नंदा खुर्चीत मागं टेकली. "नवीन सून दिसतीय. आपल्या माणसांत आली की तोंड मिटतीय."

तिथून त्या आवाजाचं नाव मुकी बाई पडलं.

मिरजेला अंधशाळेतल्या एका मास्तरांकडं मराठीही वाचून दाखवणारा दुसरा वाचक मिळतो असं कळलं, तशी मी एसटीनं जाऊन आले. त्यांनी एक सीडी हातात ठेवली. फुकट आहे, म्हणाले, कुणालाही वाटा, कुणाची परवानगी लागत नाही. माझा तेवढ्यावर विश्वास बसेना. आमच्याकडं शेजारणीला विरजण द्यायचं तरी सासूबाईंना विचारावं लागायचं. पण सात नंबरवर मुकीला बंद केलं, नवा वाचक घातला, आणि कॉम्प्युटरनं निमूट ऐकलं. कारखान्यातून ठरून आलेली गोष्ट आपण बदलू शकतो, आणि कुणी ओरडत नाही, हे मला वयाच्या छत्तिसाव्या वर्षी कळलं.

आवाज मात्र भयंकर होता. नाकातून बोलणारा, खरखरीत.

"पडसं झालंय ह्याला," नंदा म्हणाली. मग तिनं कान देऊन पुढं ऐकलं. "पण मराठी बोलतोय गं. माझ्याशी बोलतोय. असू दे, असू दे. तात्या म्हणू ह्याला."

दोन महिन्यांत तिनं तात्याचा वेग इतका वाढवला की मला त्यातलं एक अक्षर कळेना. कढईत मोहरी तडतडावी तसं काहीतरी व्हायचं आणि नंदा हसायची, मान डोलवायची, चुका पकडायची. एकदा ती यायच्या आत मी तो वेग कमी करून ठेवला. आवाजही जरा मऊ केला. वाटलं, बरं वाटेल तिला.

पाचच मिनिटांत हाक आली. "वैजू! तात्याला कुणी हात लावला?"

"मी गं. ऐकायला बरा वाटावा म्हणून."

"कुणाला?"

मी फडकं घेऊन शेजारचा कीबोर्ड पुसायला लागले.

"डोळे तुला दिलेत देवानं. आता कानपण तूच घेणार काय?" मग तिचा आवाज उतरला. "घरी वहिनी असंच करती. वाईट न्हाई ती. पण पाण्याचा तांब्या आज हितं, उद्या तिथं. तिला तिथं बरा दिसतो. मी आपली चाचपत सुटती सगळ्या सोप्यात. हलवू नका म्हणत न्हाई मी. सांगून हलवा, एवढंच."

मी तात्याला होता तसा करून दिला. तेव्हाच तिनं मला तिचं गुपित सांगितलं. तिला एक खोली हवी होती. भाड्याची, पत्र्याची, कशीही. पण कुलूप तिचं, किल्ली तिची, आणि तांब्या ती ठेवील तिथंच असणार. दिवसभर ती बेदाण्याच्या शेडवर देठं खुडायची. रंगावरून निवडता येत नाही म्हणून तिला कायम देठांवरच बसवायचे. त्यावर खोली होत नव्हती. त्यासाठी नोकरीच पाहिजे होती.

त्या दिवशी मी तात्या एका पेनड्राइव्हवर घालून दिला. कुठल्याही कॉम्प्युटरला लावला की तात्या बोलायला लागायचा, आणि काढला की मागं त्याची खूणही राहायची नाही. हरवू नये म्हणून काळ्या दोऱ्यात ओवून तिच्या गळ्यात बांधला. बांधायला म्हणून मी तिच्यामागं वाकून बसले, तर गुडघा नेहमीसारखा वाजला. सुपारी फोडल्यासारखा वाजतो तो.

"तुझा गुडघा तात्यापेक्षा स्पष्ट बोलतोय," नंदा म्हणाली. मग दोरा चाचपत, "मंगळसूत्र घातलंस की गं. मिळून मिळून नवरा मिळाला, तो पडसं झालेला."

तिसऱ्या वर्षी जिल्ह्यातल्या एका मोठ्या सहकारी संघात लिपिकाच्या जागा निघाल्या. एक जागा अंधांसाठी. लेखी परीक्षा नंदानं लेखनिक घेऊन दिली आणि त्या जागेसाठी पास झालेली ती एकटीच उरली. राहिली फक्त संगणक चाचणी. ती स्वतःच्या हातांनी द्यायची होती. पास झाली की नोकरी. नाही झाली तर श्रावणात पंचेचाळीस पूर्ण होत होती, त्यापुढं अर्जच करता येत नव्हता.

"केंद्र कुठलं?" मी विचारलं होतं.

"कळवतील. सांगलीच असणार, दुसरं कुठलं?"

मीही तेच धरून चालले.

शनिवारी सरांनी सांगितलं की रविवारच्या चाचणीला आपला क्लास घेतलाय. मोठा मान होता तो. पुण्याहून माणूस येणार होता. कॉम्प्युटर कारखान्यातून आले तसे करून ठेवायचे, बाहेरचं काहीही त्यात राहता कामा नये, अशी सूचना होती. मी दुपारपर्यंत वीसच्या वीस कोरे केले. खोटं कशाला बोलू, हे काम मला आवडायचं. भांडी घासून उपडी घातल्यासारखं वाटायचं. सात नंबरवरून तात्याला काढताना कॉम्प्युटरनं विचारलं, खरंच काढायचं का? मी हो दाबलं. म्हटलं, सोमवारी परत घालू.

पाच वाजता उमेदवारांची यादी आली. चौदा नंबर: सुतार बेबीनंदा ज्ञानू.

"सर, आपली नंदा आहे यादीत."

शेटेसरांनी चष्मा काढला. "केंद्रावरच्या कुणाच्याही ओळखीचा उमेदवार नाही, असं लिहून दिलंय मी."

"मग कळवून टाका की आहे म्हणून."

"म्हणजे ते उद्या इथं येऊन चौकशी करणार. कोण ओळखतं? वैजयंता ओळखते. कोण वैजयंता? तांत्रिक प्रभारी. शिक्षण काय? तुझ्या नावापुढं मी डिप्लोमा लिहिलाय."

"मला न विचारता?"

"शिपाई लिहिलं असतं तर केंद्र मिळालं असतं?"

मी म्हटलं, आत्ता तिच्या घरी जाते, उद्या ओळख दाखवू नकोस म्हणून सांगून येते. सर म्हणाले, चाचणीच्या आदल्या दिवशी केंद्रावरची बाई उमेदवाराच्या घरात शिरताना कुणी बघितली तर पेपर फुटला म्हणतील, आणि आधी तिलाच बाहेर काढतील. मला पटलं. पटवून घ्यायचं असलं की पटतं.

"आणि तात्या?"

"कोण तात्या?"

"तिचा वाचक, सर. कॉम्प्युटरमधला मराठी वाचत नाही."

"नियमात लिहिलंय, कॉम्प्युटरबरोबर आलेला वाचक वापरता येईल. वाचतो की नाही ते त्यांनी बघावं. आपण केंद्र आहोत." त्यांनी यादीची घडी घातली. "माझं केंद्र जाईल. तुझं काय जाईल ते तूच बघ."

मी बघितलं. किल्ल्या बघितल्या, कोपऱ्यातली बादली बघितली. आणि मनाला सांगितलं, पेनड्राइव्ह आहे की तिच्या गळ्यात.

नंदाला तिचा भाऊ फाटकापर्यंत सोडून गेला. पुढचा रस्ता तिच्या पायांना पाठ होता. कडक इस्त्रीची साडी, वेणीत अबोली. पुण्याचा माणूस तेव्हा आतल्या खोलीत कागद लावत होता. उंबऱ्यावर थांबून तिनं नाक वर केलं आणि हसली.

"वैजू कुठाय सर?"

"ती रजेवर आहे. आज सगळी बाहेरची माणसं आहेत."

"असं होय? मग फिनेल कुणी मारलं? हात तिचाच वाटतोय. जास्त."

"काल मारून गेली," सर म्हणाले.

मी चार हातांवर श्वास धरून उभी होते.

पुण्याचा निरीक्षक किणीकर नावाचा तिशीतला माणूस होता. सरळ होता बिचारा. त्यानं सगळ्यांना नियम वाचून दाखवले, मग नंदाच्या कानाला हेडफोन लावून दिले. चौदा नंबरच्या हेडफोनची वायर पोचेना, म्हणून त्यानं मला खूण केली. मी टेबलाखाली वाकून बसले.

गुडघा वाजला.

मी तशीच बसून राहिले. नंदानं हेडफोन एका कानावरून सरकवला आणि मान जराशी तिरकी केली.

"कोण आहे हितं?"

"आमच्या टेक्निकल मॅडम," किणीकर म्हणाला. "त्यांचा घसा बसलाय."

"बरं." नंदा थोडा वेळ तशीच होती. मग हेडफोन परत कानावर ओढत म्हणाली, "हळदीचं दूध घ्या म्हणावं."

चाचणीचे दोन भाग होते. पहिल्यात एक मराठी उतारा वाचून त्यातल्या चुका दुरुस्त करायच्या, दुसऱ्यात एक पत्र टाइप करायचं. घंटा झाली. नंदानं उतारा उघडला, खाली जायचं बटण दाबलं, थांबली. परत दाबलं, थांबली. ओळीमागून ओळ ती खाली गेली. मुकी बाई गप्प. उतारा संपला तेव्हा नंदानं हात वर केला.

"साहेब, ही मराठी वाचत न्हाई. माझ्याकडं वाचणारा आहे." तिनं गळ्यातला दोरा बाहेर काढला. "हे फक्त लावायचं. इन्स्टॉल काही होत न्हाई. काढलं की मागं काही राहत न्हाई. माझ्या मैत्रिणीनं करून दिलंय."

"बाहेरचं काही लावता येणार नाही हो ताई."

"मग मी वाचू कसं?"

किणीकरनं खिशातून मोबाइल काढला. त्यानं पुण्याला फोन लावला. रविवार होता, कुणी उचलला नाही. परत लावला. सोळा नंबरवरचा उमेदवार म्हणाला, साहेब, आमचा वेळ जातोय. किणीकरनं फाइल चाळली, एक फॉर्म काढला आणि माझ्यापाशी आला.

"मॅडम, यात तरतूद आहे. तांत्रिक प्रभारीनं लिहून दिलं की बाहेरचं साधन सुरक्षित आहे, तर मला परवानगी देता येते. तुम्हाला यातलं कळतं. तुम्ही सही करा, मी आत्ता लावू देतो त्यांना."

फॉर्मवर तीन रकाने होते. नाव. पात्रता. सही. किणीकरनं पेनचं टोपणसुद्धा काढून दिलं.

काचेच्या दारापलीकडं शेटेसर उभे होते. नंदा खुर्चीत वळून बसली होती. डोळ्यांचा उपयोग नसलेलं माणसाचं तोंड उत्तराची वाट बघताना कसं दिसतं ते मला तोपर्यंत माहीत नव्हतं. ती सगळी कान झाली होती.

मी मान हलवली.

हललेली मान ऐकू येत नाही. नंदा वाट बघतच राहिली. शेवटी किणीकरला सांगावं लागलं. "मॅडम नाही म्हणतायत, ताई."

"नाही म्हणतायत," नंदा म्हणाली. प्रश्नासारखं नाही. धडा म्हणावा तसं. मग तिनं दोरा परत साडीच्या आत सारला आणि वळून बसली.

पत्राचा विषय किणीकरनं स्वतः जवळ बसून तिला वाचून दाखवला. कार्यालयात पिण्याच्या पाण्याची सोय करण्याबाबत वरिष्ठांना विनंती. नंदानं कीबोर्ड मराठीवर नेला. नेला गेला की नाही, हे कळायची तिला एकच खूण होती: इंग्रजी अक्षरं बोलणारी बाई एकदम थांबली. मग त्या गप्प कॉम्प्युटरमध्ये ती टाइप करायला लागली. उमटलेलं काही ऐकू येत नाही, मागं जाऊन तपासता येत नाही. निव्वळ बोटांच्या भरवशावर.

मी तिच्या पाठीमागं उभी राहून वाचत होते. 'महोदय, कार्यालयात पाण्याचा माठ असावा ही विनंती. माठ व तांब्या यांची जागा एकदा ठरवून द्यावी. ती बदलायची झाल्यास सर्वांना सांगून बदलावी.' एक काना इकडचा तिकडं नाही. शेवटी 'आपली नम्र', आणि खालच्या ओळीवर 'बेबीनंदा सुतार'.

मला वाटलं, झालं. पण तिनं एन्टर दाबला, आणि खाली एक ओळ टाइप केली.

'वैजू, गुडघ्याला तेल लाव.'

मग तिनं हात मांडीवर ठेवले.

किणीकर पलीकडच्या रांगेत होता. मी तिथंच, हातभर अंतरावर. तिच्या वेणीतली अबोली मला मोजता आली असती. ती वाट बघत होती. मी एकदा खाकरले असते तरी चाललं असतं. खांद्यावर बोट टेकलं असतं तरी. मला वाटतं, तेवढंच हवं होतं तिला. पेनड्राइव्हचं तर होऊन गेलं होतं.

किणीकरची पावलं आमच्या रांगेकडं वळली. ती तिनं माझ्याआधी ऐकली. तिनं हात परत कीबोर्डवर ठेवले आणि ती ओळ खोडायला लागली, भराभर, ओठ हलवत. ती बटणं मोजत होती. ओळ किती अक्षरांची होती, त्यात काना-मात्रा किती, हे तिला तोंडपाठ होतं, पण कुठवर खोडलं गेलं ते सांगायला कुणी नव्हतं. मीही मोजत होते. चोवीसला ओळ गेली. पंचविसाव्याला एन्टर. तिनं एक जास्त दाबलं.

"झालं साहेब," ती म्हणाली.

किणीकरनं पत्र साठवून ठेवलं. स्क्रीनवर सगळ्यात खाली होतं, 'बेबीनंदा सुता'.

निकालाच्या कागदावर त्या जागेपुढं 'पात्र उमेदवार उपलब्ध नाही' असं लिहून आलं. सर म्हणाले, वाईट झालं, आणि खरंच वाटलं त्यांना वाईट. पुढच्या वर्षी केंद्र परत आम्हालाच मिळालं. दोन वर्षांनी मी डिप्लोमा केला. आता कुठलाही रकाना आला तरी हात थबकत नाही. माझ्या लॅबमध्ये नवा कॉम्प्युटर आला की खोक्यातून काढल्या काढल्या मी पहिला तात्या घालते, मग बाकीचं. नवी मुलं विचारतात, मॅडम, हा असला आवाज कशाला? मी म्हणते, असू दे.

नंदा क्लासला परत आली नाही. निकालानंतर चौथ्या दिवशी मीच शेडवर गेले. हातात नवा चुडा भरून. बायकांच्या रांगेत शेवटच्या टोकाला ती बसली होती, पुढ्यात बेदाण्याचा ढीग. मी काही बोलायच्या आत तिनं बाजूचं पोतं सारून जागा केली.

"ये वैजू. नव्या भरल्यास. पातळ वाजतात."

मी बसले. गुडघा वाजला. शेजारच्या दोघी हसल्या. नंदा हसली नाही.

"तात्या परत घातलास काय सातवर?"

"सोमवारीच."

"चांगलं केलंस. लागंल कुणाला तरी." तिनं हात पुसले, मान पुढं करून गळ्यातला काळा दोरा काढला आणि पेनड्राइव्हसकट माझ्या ओटीत टाकला. "हे बी ने. हितं बेदाण्याचा चिकटा लागतोय त्याला."

मी वाट बघत होते, आता विचारेल. मी तोंडात वाक्यं तयार ठेवली होती. सरांनी असं केलं, कागदावर तसं लिहिलं होतं. घरून निघताना ती सगळी खरी वाटली होती. नंदा देठं खुडत राहिली. तिची बोटं बेदाणा उचलायची, फिरवायची, देठ बाजूला, बेदाणा बाजूला. डोळस बायकांपेक्षा भरभर.

"एकच सांग," ती म्हणाली. "पत्र नीट उतरलं होतं काय? मला काहीच ऐकू येत नव्हतं."

"नीट उतरलं होतं."

"चूक?"

"एकही नव्हती."

"आणि खाली नाव? शेवटाला जरा गडबड झाली माझी. सगळं आलं होतं नव्हं?"

"आलं होतं की," मी म्हटलं. "बेबीनंदा सुतार. पूर्ण."

"मग बरं," नंदा म्हणाली, आणि ढिगातला पुढचा बेदाणा उचलला.